छोटी डिलोरियन बनवतेय, दिवे आणि आवाजासकट. स्केल, सर्किट, स्पीकर याबद्दल सल्ला हवाय

पेन्सिल_कटर
नमस्कार मंडळी. 'बॅक टू द फ्युचर'मधली टाइम मशीन डिलोरियन बनवायला घेतलीय, ताईच्या पन्नाशीसाठी. आम्ही दोघींनी तो पिक्चर व्हीसीआरवर इतक्यांदा पाहिलाय की टेपमध्ये कुठे पट्टे येतात तेही पाठ होतं. ताईच्या घरी शोकेसची फळी आतून २० सेंमी लांब आणि ११ सेंमी खोल आहे, शिवाय काचेचं सरकतं दार, म्हणजे गाडी त्यात बसलीच पाहिजे. आणि नुसती शोभेची नको, हातात घेऊन बटण दाबलं की फ्लक्स कपॅसिटर (टाइम मशीनचं हृदय) धावत्या दिव्यांनी पेटायला हवा, बाजूच्या पट्ट्या निळ्या पेटायला हव्यात आणि आवाज पिक्चरमधल्यासारखा यायला हवा. बाजारातल्या दोन आणून बघितल्या, एकीत पोटात एकच निळा दिवा लुकलुकतो आणि दुसरीचा आवाज म्हणजे पोलिसांच्या गाडीचा सायरन, तो ऐकून जीव हळहळला.
मी प्रॉडक्ट डिझाइन करते, त्यामुळे बॉडीचं थ्रीडी मॉडेल माझं मी करेन. इलेक्ट्रॉनिक्स कच्चं आहे. स्केल कोणता धरू आणि एवढ्याशा पोटात सगळं बसवायचं कसं, सांगा.

समांतर_रेषा
मस्त विषय. माझं मत सरळ आहे, १:१८ करा. त्याखाली डॅशबोर्डवरचं काही दिसत नाही आणि दिसत नसेल तर स्क्रीन-अ‍ॅक्युरेट, म्हणजे पडद्यावरच्यासारखी हुबेहूब म्हणण्यात अर्थ काय. फळी बदला हवं तर.

पेन्सिल_कटर
@समांतर_रेषा, फळी बदलणार नाही :) गणित मांडते. खरी डिलोरियन (मॉडेल डीएमसी-१२) लांबीला ४२६७ मिमी, रुंदीला १९८८ आणि उंचीला ११४०. १:१८ ला लांबी २३७ मिमी होते, फळीबाहेर. १:४३ ला फक्त ९९ मिमी, त्यात स्पीकर घातला की दुसरं काही मावणार नाही. १:२४ ला १७८ मिमी लांब, ८३ रुंद, साडेसत्तेचाळीस उंच. मागे टाइम मशीनचे व्हेंट थोडे बाहेर येतात ते धरूनही २० सेंमीत बसतंय. त्यामुळे मन १:२४ कडेच झुकतंय.

कोकणी_मेवा
दारं वर उघडणारी आहेत ना, मग वरच्या फळीला आपटतील की! आधी ताईकडे जाऊन उंची मोजून या.

पेन्सिल_कटर
मोजलीय! खरी गाडी दारं उघडून १९६० मिमी उंच होते, म्हणजे १:२४ ला ८२ मिमी. फळीत १५ सेंमी उंची आहे. आणि ही दारं बाजूला फारच कमी जागा खातात, काचेला लागणार नाहीत.

तापकीर_गल्ली
१:२४ बरोबर आहे. आता पोटातली जागा वाटून घ्या. खऱ्या डिलोरियनचं इंजिन मागे असतं आणि डिकी पुढे, तुम्हीही तेच करा. पुढच्या बॉनेटखाली बॅटरी, सीटखाली बोर्ड, मागे इंजिनच्या जागी स्पीकर. टाइम मशीनच्या मागे जे दोन मोठे चौकोनी व्हेंट आहेत ना, तीच आवाज बाहेर पडायची वाट. वेगळी भोकं पाडायची गरजच नाही, आणि खालून पाडलीत तर फळीवर ठेवल्यावर आवाज दबतो.
आवाजासाठी डीएफप्लेयर मिनी घ्या, जेमतेम दोन सेंमीचा चौकोन आहे, मेमरी कार्डवरून एमपी३ वाजवतो. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत आमच्या गल्लीत सहज मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोड.

पेन्सिल_कटर
व्हेंटची कल्पना भन्नाट आहे, मी त्या व्हेंटकडे नुसतं 'किचकट प्रिंट' म्हणून बघत होते!

अप्पा_डोंबिवली
मुली, फ्लक्स कपॅसिटर म्हणजे ते इंग्रजी वाय आकाराचं, टोकांकडून मध्याकडे दिवे धावतात तेच ना? त्याला मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करायची चिप) कशाला. ५५५ आणि ४०१७ या दोन साध्या चिप, झालं. पंचवीस वर्षं मंडळाच्या गणपतीच्या मखराला मी हेच सर्किट लावत आलोय. ५५५ टिकटिक देतो, ४०१७ एकेक पाय पुढे सरकतो. वेग बदलायचा तर एक प्रीसेट फिरवायचा. तीन हात असले तरी तिन्ही एकाच वेळी धावतात, म्हणजे चॅनेल चारच लागतील.

सोल्डरबाई
अप्पा, चार चॅनेलचा मुद्दा अगदी बरोबर आणि धागाकर्तीचं निम्मं काम त्यानेच हलकं होतंय. पण ४०१७ ला माझा विरोध आहे. मखराला तुम्ही १२ व्होल्ट देत होता, इथे लिथियमचा एकच सेल, ३.७ व्होल्ट, तोही उतरत जाणार. एवढ्या कमी व्होल्टेजला ४०१७ च्या पायातून करंट फार कमी निघतो आणि पांढऱ्या-निळ्या एलईडीला स्वतःलाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात. दिवे मिणमिणतील. मध्ये ट्रान्झिस्टर घालायचे तर चार ट्रान्झिस्टर, त्यांचे रेझिस्टर, मग एक एटीटायनी मायक्रोकंट्रोलर चिप त्याहून लहान पडते. शिवाय सगळं आवाजाच्या तालावर हवंय, वेग मध्येच वाढायला हवा, ते प्रीसेटने जमणार नाही.

अप्पा_डोंबिवली
हे मान्य. १२ व्होल्टच्या सवयीने बोललो. ट्रान्झिस्टरचा खटाटोप सीटखाली नाही मावायचा.

रेझिन_राव
फ्लक्स कपॅसिटर १:२४ ला जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा होईल, त्यात १२ एलईडी सोल्डर करत बसू नका. ०४०२ साइझचा एलईडी १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद असतो, शिंक आली की गेला. पाव मिमीची फायबर ऑप्टिक तार घ्या. अप्पा म्हणतात तसे तिन्ही हात एकत्र धावतात तर एकाच एलईडीसमोर तीन तारांचा जुडगा लावा, प्रत्येक हाताला एक. असे चार जुडगे. वर टोकं बारा दिसतील, खाली एलईडी फक्त चार, आणि ते सीटमागे प्रशस्त बसतील. तारेचं टोक गरम खिळ्याजवळ नेलं की त्याला बारीक मणी येतो, त्याने उजेड बाजूनेही दिसतो.
अजून एक. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटमधून उजेड आरपार येतो! माझं एक मॉडेलचं आख्खं जहाजच कंदिलासारखं पेटलं होतं. आतून आधी काळा रंग, दोन हात, अंधाऱ्या खोलीत तपासा, मगच बाहेरचं काम.

मनीमाऊ
वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत, फोटो टाका!

समांतर_रेषा
सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहतोय. कुठली डिलोरियन? पहिल्या भागात मागे प्लुटोनियमची रिअ‍ॅक्टर आहे, शेवटी डॉक (गाडी बनवणारा शास्त्रज्ञ) परत येतो तेव्हा तिच्या जागी मिस्टर फ्यूजन, म्हणजे कचऱ्यावर चालणारं यंत्र, आणि नंबरप्लेट बारकोडची. विजेच्या सीनला मागे खांब आणि हूक. तिसऱ्या भागात पांढऱ्या कडांची टायरं आणि बॉनेटवर सर्किटचा खोका. फ्यूजनही लावलं आणि पहिली 'आउटाटाइम' (OUTATIME) अक्षरांची नंबरप्लेटची पाटीही लावली तर ती गाडी पडद्यावर कधी नव्हतीच असं होईल. बाजारातल्या बहुतेक खेळण्यांत हीच खिचडी असते.

पेन्सिल_कटर
हा प्रश्न मीही टाळत होते, खरं सांगायचं तर मला फ्यूजन फार आवडतं. पण तुमचं पटतंय. मग पहिला भाग, पार्किंग लॉट, रात्री १:२०, डॉकच्या आइन्स्टाइन कुत्र्याची काळातली उडी. ताईचा आवडता सीन तोच.

एलएचा_नाना
मी लॉस एंजेलिसला असतो. पीटरसन म्युझियममध्ये शूटिंगची मुख्य गाडी ठेवलीय, जिला 'ए' कार म्हणतात. २०१२-१३ मध्ये चाहत्यांच्या टीमने ती पुन्हा मूळ रूपात आणली, त्याआधी वर्षानुवर्षं ती युनिव्हर्सलच्या पार्कमध्ये उघड्यावर होती आणि तिचे बरेच तुकडे गायब झाले होते. मुलीला घेऊन तीनदा गेलोय, एकदा तर सिक्युरिटीवाला जवळ येऊन उभा राहिला इतका वेळ मी काचेशी होतो.
मॉडेल करणाऱ्याला सांगण्यासारखं म्हणजे ती गाडी 'सुबक' नाहीये. वायरी एकमेकींवरून गेल्यात, लेबलं डायमोची, जाड प्लास्टिकच्या पट्टीवर पांढरी उठावाची अक्षरं, काही वाकडी चिकटवलेली. रिअ‍ॅक्टरचं झाकण डॉज पोलारा गाडीच्या हबकॅपवरून केलेलं. मिस्टर फ्यूजन म्हणजे क्रुप्सचं कॉफी ग्राइंडर! रॉन कॉब आणि अँड्र्यू प्रोबर्ट या डिझायनरांनी ती कल्पली ती डॉकने स्वतःच्या गॅरेजमध्ये जमेल ते जोडून केलीय अशीच. प्रॉडक्ट डिझायनर म्हणून तुमचा हात आपोआप रेषा सरळ करायला जाईल, तिथे आवरा. डाव्या-उजव्या बाजू सॉफ्टवेअरमध्ये मिरर करू नका.

पेन्सिल_कटर
नानासाहेब, ही पोस्ट मी प्रिंट काढून टेबलासमोर लावलीय. मी खरंच मिरर केलं होतं. आज रात्री डावी बाजू पुसून परत काढतेय.

सोल्डरबाई
बॅटरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, आणि हे वाचल्याशिवाय काही जोडू नका. बॉनेटखाली १५० एमएएचचा लिपो (लिथियम पॉलिमर सेल) बसेल. चार्जिंगसाठी सगळे टीपी४०५६ चा छोटा बोर्ड लावतात, तो मुळात १ अँपिअरवर सेट असतो. १५० एमएएचच्या सेलला १ अँपिअर म्हणजे छळ. माझा एक सेल असाच टम्म फुगला, नशिबाने तेव्हा मी समोर होते. त्या बोर्डवर १.२ केचा (किलोओहमचा) एक रेझिस्टर असतो, तो काढून १० केचा लावा, करंट साधारण १३० मिलीअँपिअरवर येतो. आणि संरक्षण सर्किट असलेलाच बोर्ड घ्या.
दुसरं, डीएफप्लेयर गप्प बसलेला असतानाही साधारण २० मिलीअँपिअर खात राहतो. साडेसात तासांत सेल संपला. ताई सकाळी बटण दाबेल तर गाडी मेलेली. मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून त्याचा पुरवठाच तोडा, चिपला झोपवा, बटणाने उठवा.

तापकीर_गल्ली
+१. मी हे सांगायला हवं होतं. आणि निळ्या पट्ट्यांसाठी ईएल वायर (लांबीभर उजळणारी तार) सुचवणार कोणीतरी, म्हणून आधीच सांगतो, नको. तिचा इन्व्हर्टर बारीक किणकिण आवाज करतो आणि एवढ्या छोट्या गाडीत तो स्पीकरच्या बरोबरीने ऐकू येतो.

रेझिन_राव
पट्ट्या पारदर्शक रेझिनमध्ये प्रिंट करा, दोन मिमीचे डब्ल्यूएस२८१२ एलईडी कोपऱ्यांत लपवा, पट्टीच्या आतल्या बाजूला पांढरा रंग. उजेड लांबवर पसरतो. रंग मात्र शुद्ध निळा ठेवू नका. पडद्यावर तो उजेड आयएलएम या स्पेशल इफेक्टवाल्या कंपनीने वरून चढवलेला आहे, मध्यभागी जवळजवळ पांढरा आणि कडेला निळा. पट्टी निळसर पांढरी पेटवा आणि आजूबाजूच्या चंदेरी बॉडीवर निळी झाक पडू द्या.

अप्पा_डोंबिवली
बॉडीच्या चंदेरीसाठी स्प्रे मारू नकोस. ती गाडी बिनरंगाची, स्टेनलेसची आहे ना? एसीच्या डक्टला लावतात ती अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी घे, पॅनेलप्रमाणे काप, चिकटव, आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने एकाच दिशेने हलकं घास. खऱ्या स्टेनलेसची रेघ येते. स्प्रेची चमक मुलाम्यासारखी वाटते.

सोल्डरबाई
सुंदर! फक्त ती पट्टी वीज वाहते हे विसरू नका, कडा आत वळवलेल्या जागी उघडी वायर नको.

समांतर_रेषा
टाइम सर्किटचं, म्हणजे डॅशबोर्डवरच्या तारखांचं काय? लाल, हिरवी, पिवळी तीन ओळी. मी म्हटलं होतं, १:२४ ला वाचता येणार नाही.

अप्पा_डोंबिवली
लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा, फिल्मवर काळ्यात पांढरी अक्षरं काढून दे म्हणावं. ती फिल्म गडद काळी असते, मागून उजेड टाकला तर फक्त आकडेच पेटतात. आणि तीन रंगांसाठी आकाशकंदिलाचा जिलेटीन कागद. लाल, हिरवा, पिवळा, तिन्ही दिवाळीत घरात असतातच.

पेन्सिल_कटर
अप्पा!!! आकडा साधारण अर्धा-पाऊण मिमी उंचीचा होईल, भिंगातून वाचता येईल. ताईकडे वाचायला भिंग आहेच. दोन वेगवेगळ्या तारखांची गरज नाही, आपला क्षण एकच आहे, २६ ऑक्टोबर १९८५.

ध्वनीवेडा
मी साउंड एडिटिंग करतो, आवाजावर लिहितो, थोडं लांबेल.
पिक्चरमधून आवाज कापून घेऊ नका. पार्किंगच्या सीनमध्ये गाडीवर संवाद आणि संगीत चढलेलं आहे, ते स्वच्छ निघत नाही, शिवाय तो आवाज दुसऱ्याचा. त्यापेक्षा आवाजाची रचना ऐका आणि स्वतः बांधा. कान देऊन ऐकलंत तर कळेल की ती गाडी डिलोरियनसारखी वाजतच नाही. खऱ्या गाडीत २.८५ लिटरचं व्ही६ होतं, ते तेवढं रांगडं वाजत नाही, म्हणून पडद्यावर पोर्शे ९२८ च्या व्ही८ चा आवाज घातलाय. या कामासाठी चार्ल्स कॅम्पबेल आणि रॉबर्ट रटलेज यांना ऑस्करही मिळालं.
आता तुमचा स्पीकर. दोन सेंमीच्या स्पीकरमधून खर्ज येत नाही, ५०० हर्ट्झच्या खाली तो जवळपास मुका. व्ही८ ची घरघर जशीच्या तशी घातली तर डासाची गुणगुण ऐकू येईल. उपाय असा, खालचे सूर काढून टाका आणि त्यांचे वरचे हार्मोनिक्स (पटीतले सूर) वाढवा. कानाला हार्मोनिक्स मिळाले की मेंदू मूळ खर्ज स्वतः भरून घेतो. खालचे सूर काढल्याने स्पीकर फाटत नाही आणि आवाज मोठाही करता येतो. स्पीकरच्या मागची पोकळी बंदिस्त हवी, नाहीतर पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. जुन्या मोबाइलमधला डबीसकट येणारा स्पीकर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

विदर्भाचा_वाघ
थांबा थांबा. गाडी डिलोरियन आणि आवाज पोर्शेचा? मग अ‍ॅक्युरेट म्हणजे खऱ्या गाडीचाच आवाज हवा ना बावा. मी तर खरा व्ही६ घातला असता.

ध्वनीवेडा
दादा, ताईच्या कानात पडद्यावरचा आवाज बसलाय, रस्त्यावरच्या गाडीचा नाही. व्ही६ घातला तर ती म्हणेल हे काहीतरी वेगळंच वाटतंय, आणि तिचं बरोबर असेल. त्या गाडीचा स्पीडोमीटरसुद्धा कारखान्यातून ८५ मैलांपर्यंतच यायचा, तेव्हा अमेरिकेत तसा नियम होता. काळात उडी मारायला लागणारे ८८ मैल पडद्यासाठीच दाखवलेत. आपण पडद्यावरची गाडी करतोय.

विदर्भाचा_वाघ
हे मात्र पटलं. ८५ चं माहीत नव्हतं.

तापकीर_गल्ली
आवाज-दिवे जुळवण्यासाठी एक युक्ती. डीएफप्लेयर फाइल सुरू करायला दरवेळी किंचित वेळ घेतो. तुकडे तुकडे वाजवले तर प्रत्येक ठिकाणी दिवे पुढे आणि आवाज मागे. २५-३० सेकंदांचा एकच सलग ट्रॅक करा, एकदाच सुरू करा आणि दिव्यांचं वेळापत्रक त्या ट्रॅकवर बेता. प्लेयरच्या बिझी पिनवरून तो खरंच सुरू झाला का तेही कळतं.

नियमवाली
एक गंभीर गोष्ट. घरात भेट द्यायला काही हरकत नाही, पण धाग्यात पुढे 'मलाही एक बनवून द्या, पैसे देतो' येणारच. १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी विकायची तर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं, इलेक्ट्रिक खेळण्यांना आयएस १५६४४. वर गाडीच्या आणि पिक्चरच्या हक्कांचं वेगळंच.

कोकणी_मेवा
अरेच्चा, मी तेच टाइप करत होतो, 'मलाही एक'! पुसलं.

पेन्सिल_कटर
पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.
काल रात्री पहिल्यांदा सगळं एकत्र चाललं. बटण दाबलं की दार उघडल्यासारखा फुस्स आवाज, फ्लक्स कपॅसिटर सावकाश धावायला लागतो, इंजिन चढत जातं, पट्ट्या पांढऱ्या-निळ्या, मग तीन लखलखाट आणि एकदम अंधार आणि शांतता. दोन सेकंदांची ती शांतता मी मुद्दाम ठेवलीय. मग तीन धमाके, गाडी परत आलेली. धमाके म्हणजे आमच्या गच्चीवर पत्र्याच्या पिंपावर उशी आपटून केलेत, ध्वनीवेडा यांनी फोनवर ऐकून दुरुस्त करून दिले. स्पीकर जुन्या मोबाइलचा, व्हेंटमधून आवाज इतका मोकळा येतो की नवरा आतल्या खोलीतून उठून आला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला घासणी मारली आणि टेबललॅम्पखाली धरली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.
१० केचा रेझिस्टर लावलाय, सोल्डरबाई. चार्ज होताना सेल गार राहतो.
अडलंय दोन ठिकाणी. डाव्या दारात दिवा आहे, त्याची वायर बिजागरीपाशी तिसऱ्यांदा तुटली. आणि समांतर_रेषा यांचा नियम पाळायचा तर आइन्स्टाइनची उडी झाली की मागची नंबरप्लेट रस्त्यावर गरगरत राहते, गाडीला राहत नाही. मग पाटी लावू की नको?

सोल्डरबाई
दारापर्यंत वायर नेऊच नका. छतात दिवा लावा आणि दाराच्या आतल्या कडेला फायबरचं टोक, दार उघडलं की दोन्ही टोकं वेगळी होऊ देत, बंद केलं की समोरासमोर. वाकायला काही उरलंच नाही तर तुटणार काय.

समांतर_रेषा
अमेरिकन पाटी १२ बाय ६ इंच, म्हणजे १:२४ ला १२.७ बाय ६.३५ मिमी. मागे १ मिमी जाडीचं बारकं चुंबक. उडीआधी गाडीला लावायची, उडी झाली की काढून फळीवर ठेवायची. दोन्ही क्षण खरे राहतात. आणि हो, १:२४ बद्दल माझं म्हणणं चुकलं होतं, फोटोत तारीख वाचता येतेय.

पेन्सिल_कटर
चुंबक!! उद्याच आणते. पाटी लावायचं काम ताईच करेल, ती दरवेळी तो सीन आला की 'पाटी, पाटी' म्हणून ओरडायची.

अप्पा_डोंबिवली
शोकेसमध्ये ठेवल्यावर पहिला व्हिडिओ इथेच टाक, अंधारात काढलेला.